क्लच-गिअरची दुरुस्ती : घरी करावी की मेकॅनिककडे द्यावी?

घाटाची चढण सुरू होते आणि मोटारीत अचानक जळका वास पसरतो. इंजिनाचा आवाज वाढत जातो, गाडी मात्र त्या प्रमाणात पुढे सरकत नाही. मागच्या वाहनांचे हॉर्न वाजू लागतात. कशीबशी गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते आणि मेकॅनिक एका वाक्यात निदान करून टाकतो : 'क्लच गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.' खर्चाचा आकडा कानी पडताच गाडीमालकाच्या मनात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. हा माणूस खरे सांगतो आहे काय? आणि हे काम आपल्याला स्वतः करता आले नसते काय?

वंगण बदलणे, साखळी ताणणे, वायर घालणे अशी कामे अनेक जण हौसेने घरी करतात. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोहोचविणाऱ्या भागांचे काम निघाले, की मात्र दोन टोके दिसतात. काही जण साध्या साखळीसाठीही गॅरेज गाठतात, तर काही जण पुरेशी हत्यारे नसताना थेट गिअरबॉक्सला हात घालतात. दोन्हींत नुकसानच आहे. एकात पैशाचे, तर दुसऱ्यात प्रसंगी जिवाचेही. म्हणूनच 'हे काम जमेल का' या प्रश्नाच्या आधी 'हे काम चुकले तर काय होईल' हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

ही यंत्रणा म्हणजे काय?

इंजिनात निर्माण झालेली शक्ती थेट चाकाला जोडली जात नाही. वाटेत क्लच लागतो. तो इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध हवा तेव्हा जोडतो आणि तोडतो. त्यापुढे गिअरबॉक्स वेग आणि जोर यांचा मेळ घालतो. मोटरसायकलमध्ये तेथून साखळी मागचे चाक फिरविते. मोटारीत डिफरन्शियल आणि दोन शाफ्ट हे काम करतात. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे काम डिफरन्शियलचे.

या यंत्रणेची रचना गेल्या काही दशकांत बरीच बदलली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसेडर या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढे आणि चालणारी चाके मागे असत. शक्ती मागे नेणारा लांब शाफ्ट गाडीखाली वाकून पाहिले तरी दिसे. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हा सारा संसार बॉनेटखाली एकवटला. पुढचीच चाके गाडी ओढू लागली. जागा वाचली, वजन घटले. परंतु सुटे सुटे उघडता येणारे भाग एकमेकांना बिलगून बसल्याने घरच्या दुरुस्तीचा आवाका आक्रसला.

दुचाकीचेही तसेच झाले. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकच्या डिकीत जादा क्लच वायर, गिअर वायर आणि प्लग असणे हे घरोघरचे चित्र होते. वाटेत वायर तुटली, तर पक्कड आणि पाना घेऊन रस्त्याच्या कडेलाच ती बदलली जाई. १९८४ साली कायनेटिक होंडाने गिअर नसलेली स्कूटर आणली. तिच्यात वायरऐवजी पट्टा आणि पुली आल्या. आजच्या बहुतेक स्कूटर याच तत्त्वावर चालतात. त्यांतील बंद झाकणाआड काय चालते, याची अनेक मालकांना कल्पनाही नसते.

तीन कसोट्या

एखादे काम घरी करावे की नाही, हे ठरविण्यासाठी तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात.

पहिली कसोटी परिणामाची. काम चुकल्यास गाडी नुसतीच सुरू होणार नाही की धावता धावता घात करील? क्लचची वायर नीट बसली नाही, तर गिअर पडत नाही आणि ते जागेवरच कळते. मागच्या चाकाचा एक्सल नट सैल राहिला, तर ते भर वेगात कळते.

दुसरी कसोटी तपासणीची. काम बरोबर झाले की नाही, हे गाडी रस्त्यावर नेण्याआधी पाहता येते काय? साखळीचा ताण पट्टीने मोजता येतो. गिअरबॉक्सच्या आत बसविलेली कडी उलटी बसली काय, हे तो पुन्हा गाडीवर चढवून चालविल्याशिवाय कळत नाही.

तिसरी कसोटी हत्यारांची. नेमक्या मापाचा पाना, टॉर्क रेंच, गाडी उचलून धरणारे भक्कम स्टँड यांपैकी काय जवळ आहे? हत्यार नसताना 'असेच काढू' म्हणणे म्हणजे बोल्टाचे आटे घालविणे होय. पाच मिनिटांचे काम मग लेथवर जाते.

तिन्ही कसोट्यांना उतरणारी कामे निर्धास्तपणे घरी करावीत. एकीत जरी शंका असली, तरी मेकॅनिककडे जावे.

घरी करण्याजोगी कामे

मोटरसायकलची साखळी हे पहिले काम. पुरती झाकलेली नसलेली साखळी साधारणपणे दर ५०० किलोमीटरनंतर आणि पावसात भिजल्यावर लगेच साफ करून वंगण देणे हिताचे असते. गाडी डबल स्टँडवर लावावी, न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि चाक हाताने फिरवावे. इंजिन सुरू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरते ठेवून साखळी पुसण्याची सवय अत्यंत घातक आहे. फडके दातांत अडकते आणि पाठोपाठ बोटेही जातात. आजकालच्या अनेक साखळ्यांत कड्यांच्या मध्ये रबरी रिंगा असतात. त्यांना पेट्रोल वर्ज्य समजावे, कारण त्याने रबर खराब होते. रॉकेल किंवा साखळीसाठीचा खास क्लीनर आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. नंतर साखळी कोरडी करून एसएई ९० गिअर ऑइल किंवा साखळीचा स्प्रे आतील बाजूने द्यावा आणि जास्तीचे तेल पुसून घ्यावे.

ताण पाहण्यासाठी साखळीचा खालचा भाग मधोमध वर-खाली करावा. अनेक लहान मोटरसायकलींत २० ते ३० मिलिमीटर खेळ योग्य मानला जातो. नेमका आकडा, आणि तो कोणत्या स्टँडवर मोजायचा हे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. चाक फिरवून चार ठिकाणी मोजावे आणि सर्वांत घट्ट जागी ताण जुळवावा. घट्ट साखळी दिसायला बरी वाटते, पण ती गिअरबॉक्सचे आणि चाकाचे बेअरिंग खाते. चाक मागे घेताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात, नाही तर चाक तिरके बसते. चाक सरकल्यावर मागच्या ड्रम ब्रेकचा खेळही बदलतो. म्हणून साखळीचे काम झाल्यावर ब्रेक आणि ब्रेकचा दिवा तपासल्याशिवाय गाडी हलवू नये. एक्सल नट सांगितलेल्या टॉर्कने आवळावा आणि त्यात कॉटर पिन असल्यास ती न विसरता घालावी.

साखळीला क्लिपचे चेनलॉक असेल, तर क्लिपचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे. ती उलटी बसली, तर कशाला तरी घासून निघू शकते. तुटलेली साखळी मागचे चाक जाम करू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे या एवढ्याशा क्लिपचे महत्त्व कळते. मागच्या स्प्रॉकेटच्या शेवटच्या टोकाला साखळी ओढून पाहावी. ती अर्ध्या दाताहून अधिक बाहेर येत असेल किंवा दात आकड्यासारखे झाले असतील, तर साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत. जुन्या दातांवर नवी साखळी घातली, तर ती लवकर झिजते आणि वाचविलेले पैसे पुन्हा खर्चावे लागतात.

क्लचचा खेळ हे दुसरे काम. मोटरसायकलच्या लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ असावा. तो अजिबात नसेल, तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. तो फार असेल, तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना खरखर होते. वायरचा एखादा धागा तुटलेला दिसला, की ती बदलण्याची वेळ आली असे समजावे. नवी वायर जुनीच्याच वाटेने न्यावी आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती ताणली जात नाही ना, हे पाहावे.

इंजिन ऑइलची निवडही क्लचशी निगडित आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. बहुतेक मोटरसायकलींत क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीसाठी बनविलेल्या काही तेलांत घर्षण घटविणारी द्रव्ये असतात. तसे तेल मोटरसायकलमध्ये घातले, की क्लच घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' असा उल्लेख पाहूनच तेल घ्यावे.

स्कूटरमालकांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. मागच्या चाकाजवळ गिअरची एक छोटी पेटी असते आणि तिचे तेल इंजिन ऑइलहून निराळे असते. ते एक कपभरच लागते, त्यामुळे सर्व्हिसिंगमध्ये ते बदलायचे राहून जाते. भरण्याचा आणि काढण्याचा असे दोन बोल्ट बाहेरूनच दिसतात. पुस्तिकेत सांगितलेले तेल सांगितलेल्या प्रमाणात भरले, की झाले.

मोटारीत गिअर ऑइल बदलणे हे सपाट, पक्क्या जागेवर आणि भक्कम स्टँड असतील तरच घरी करण्याचे काम. येथे एक नियम मोलाचा आहे : आधी तेल भरण्याचा बोल्ट उघडून पाहावा, मगच तेल काढण्याचा. भरण्याचा बोल्ट गंजून घट्ट बसलेला असेल आणि तेल आधीच काढून टाकले असेल, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी दारात अडकते. तेलाची जातही महत्त्वाची. पुस्तिकेत जीएल-४ सांगितले असताना 'वरच्या दर्जाचे' म्हणून जीएल-५ घालू नये. त्यातील काही रसायने गिअरबॉक्सच्या पितळी कड्यांना अपायकारक ठरू शकतात. काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. वापरलेले तेल २०१६च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून ते गॅरेजला दिल्यास अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जाऊ शकते.

नजर ठेवण्याची कामे

काही भागांची दुरुस्ती मेकॅनिकने करावी, पण त्यांवर लक्ष मात्र मालकाने ठेवावे. पुढची चाके चालणाऱ्या मोटारीत प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे असतात आणि त्यांवर घड्या असलेले रबरी बूट असतात. आत ग्रीस भरलेले असते. बुटाला चीर पडली, की फिरणारे चाक ग्रीस बाहेर फेकते आणि धूळ-पाणी आत जाते. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसणे ही त्याची खूण. या टप्प्यावर केवळ बूट आणि ग्रीस बदलून भागते. दुर्लक्ष झाले, तर सांधा किंवा अख्खा शाफ्ट बदलावा लागतो. खर्चातील फरक कित्येक पटींचा असतो. महिन्यातून एकदा चाक पूर्ण वळवून विजेरीच्या उजेडात पाहणे, एवढेच मालकाचे काम. बूट बदलण्यासाठी मात्र चाकाच्या मध्यभागीचा मोठा नट काढावा लागतो. लहान मोटारींतही तो दीडशे-दोनशे न्यूटन-मीटरच्या घरात आवळलेला असतो. तो अंदाजाने आवळण्याची वस्तू नव्हे.

स्कूटरचा पट्टाही याच वर्गात मोडतो. अनेक कंपन्या तो साधारण २० ते २४ हजार किलोमीटरच्या आसपास बदलण्यास सांगतात. पट्ट्याला भेगा पडल्या, तो अरुंद झाला किंवा रोलर एका बाजूने चपटे झाले, की पिकअप घटतो आणि सुरुवातीला गाडी थरथरते. झाकण उघडून पट्टा पाहणे हौशी माणसालाही जमते. मात्र मागच्या क्लचचा मोठा नट काढताना सावध राहावे लागते. त्यामागे दाबलेली जोरकस स्प्रिंग असते आणि योग्य साधनाने ती धरून न ठेवल्यास सारे भाग अंगावर उसळतात. बसविताना पट्ट्याला किंवा पुलीला तेल-ग्रीसचा हात लागला, तरी पट्टा घसरतो.

मेकॅनिककडेच द्यावीत अशी कामे

मोटारीचा क्लच बदलणे हे या यादीत सर्वांत वर. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्याआधी गिअर ऑइल काढणे, शाफ्ट सोडविणे, इंजिनाला खालून आधार देणे ही कामे येतात. गिअरबॉक्स वजनदार आणि बेंगरूळ आकाराचा असतो. घरच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपून तो छातीवर घेणे हा निव्वळ जीवघेणा प्रकार आहे. क्लच प्लेट मधोमध बसविण्यासाठी विशिष्ट साधन लागते. फ्लायव्हीलवर जळल्याच्या निळसर खुणा आहेत काय, इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळते काय, हे त्याच वेळी पाहावे लागते. अनुभवी मेकॅनिक प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्र बदलण्याचा आग्रह धरतो, तेव्हा त्यात दर वेळी लबाडी नसते. त्यातील एक भाग सहा महिन्यांनी गेला, तर तीच उतरवाचढव आणि तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

गिअरबॉक्स उघडणे हेही घरचे काम नव्हे. आतील कड्या, वॉशर, बेअरिंग यांतील फटी मिलिमीटरच्या अंशांत मोजलेल्या असतात. डिफरन्शियलचेही तसेच.

स्वयंचलित गिअरच्या गाड्यांबाबत तर हात लांबच ठेवावा. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओपासून लोकप्रिय झालेल्या एएमटी प्रकारात क्लच आणि गिअर यांत्रिकच असतात, पण ते हलविण्याचे काम संगणकनियंत्रित यंत्रणा करते. क्लच बदलल्यावर त्या यंत्रणेला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते. त्यासाठी स्कॅनर लागतो. सीव्हीटी, दुहेरी क्लच किंवा पारंपरिक ऑटोमॅटिक या प्रकारांत तेलाची पातळीसुद्धा अनेकदा ठरावीक तापमानालाच मोजावी लागते आणि तेलही त्या-त्या यंत्रणेसाठीच बनविलेले असते.

विजेवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत क्लच नसतो आणि गिअरची एकच जोडी असते. त्यामुळे झीज कमी. मात्र नारिंगी आवरणाच्या केबलमधून शेकडो व्होल्टचा दाब वाहतो. या केबलना प्रशिक्षित व्यक्तीखेरीज कोणीही हात लावू नये.

लक्षणे सांगता आली, तर निम्मे काम झाले

पाना हाती न घेणाऱ्यालाही एक काम करता येते. ते म्हणजे गाडीचे दुखणे नीट सांगणे. 'काहीतरी आवाज येतो' असे सांगणाऱ्याकडून नको ते भाग बदलले जाण्याची शक्यता अधिक. पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

रेस वाढते, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो : क्लच घसरतो आहे. मोकळ्या, सपाट जागेत हँडब्रेक पक्का ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले, तर क्लच धरतो आहे. ते चालूच राहिले, तर क्लच संपत आला आहे. ही परीक्षा एकदाच करावी, कारण तिनेही क्लच तापतो.

सर्वच गिअर टाकताना खरखर होते : क्लच पुरता सुटत नाही. खेळ किंवा क्लचचे हायड्रॉलिक तेल आधी पाहावे. एकाच गिअरला खरखर होते : त्या गिअरची पितळी कडी झिजलेली असण्याचा संभव.

क्लच दाबल्यावर आवाज येतो : रिलीज बेअरिंगवर संशय. न दाबता आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो : गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर संशय.

पूर्ण वळणावर कटकट : शाफ्टचा बाहेरचा सांधा. वेगाबरोबर वाढणारी आणि डावीकडे-उजवीकडे वळताना बदलणारी घुमघुम : बहुधा चाकाचे बेअरिंग. गिअरबॉक्स उघडण्याची घाई करू नये.

गिअर ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसते : आत पाणी गेले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईत असंख्य वाहने पाण्यात बुडाली. तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या इंजिनाची चौकशी सगळेच करतात, गिअरबॉक्सची क्वचितच होते. त्याच्या हवा जाण्याच्या छिद्रातूनही पाणी आत शिरते. अशा गाडीचे गिअर ऑइल लगेच तपासावे.

खर्चाचा हिशेब

घरी काम केले म्हणजे मजुरी वाचली, हा हिशेब अपुरा आहे. हत्याराची किंमत ते किती वेळा वापरले जाणार यावर भागून पाहावी. साखळीचा ब्रश आणि पान्यांचा संच वर्षानुवर्षे उपयोगी पडतो, म्हणून ती गुंतवणूक रास्त. आयुष्यात एकदा बदलायच्या क्लचसाठी गिअरबॉक्सचा जॅक विकत घेण्यात अर्थ नाही. काम अर्धवट सोडून गाडी टो करून न्यावी लागली, तर तो खर्च आणि 'दुसऱ्याने उघडलेली गाडी' म्हणून वाढणारी मजुरी हीही धरावी.

हमीचा मुद्दाही आहे. हमीच्या मुदतीत क्लच प्लेटसारखे झिजणारे भाग बहुधा हमीत येत नाहीत, पण गिअरबॉक्स येतो. त्या मुदतीत तो घरी किंवा अन्यत्र उघडला, तर कंपनी दावा नाकारू शकते. हमीपुस्तिका वाचूनच पाना हाती घ्यावा.

मेकॅनिक निवडताना

हमी संपल्यावर अधिकृत सेवा केंद्र आणि नाक्यावरचे गॅरेज असे दोन पर्याय उरतात. सेवा केंद्राकडे स्कॅनर आणि कंपनीची माहितीपत्रके असतात. गॅरेजवाल्याकडे अनुभव आणि कमी मजुरी. आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असल्यास उत्तम. तो नसला, तरी त्याने त्याच मॉडेलचे किती क्लच बदलले आहेत, हे विचारण्यात संकोच नसावा.

काम देण्यापूर्वी भाग आणि मजुरी यांचे वेगवेगळे आकडे लेखी घ्यावेत. यादीबाहेरचे काम निघाल्यास फोन करूनच पुढे जावे, असे जॉबकार्डवर नमूद करावे. बदललेले जुने भाग आणि नव्या भागांची वेष्टणे परत मागावीत. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग स्वतः आणून देणारे ग्राहक बरेच आहेत. तथापि अशा वेळी भाग नकली निघाल्यास मेकॅनिक जबाबदारी घेत नाही, हेही समजून असावे. बिल मात्र दोन्हीकडचे घ्यावेच.

स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती मिळू नये, अशी बंधने घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्यांनी त्यास आव्हान दिले, परंतु गाडी कोठे दुरुस्त करावी हा ग्राहकाच्या निवडीचा प्रश्न आहे, ही बाब त्या आदेशाने ठळक झाली. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. सदोष दुरुस्तीबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दाद मागता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रारीसाठी जॉबकार्ड आणि बिल हेच मुख्य पुरावे ठरतात.

जिवाची काळजी आधी

घरी कोणतेही काम करताना काही पथ्ये पाळणे अनिवार्य आहे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडीचे वजन स्टँडवर असले पाहिजे. विटा किंवा दगड हा त्याला पर्याय नव्हे, वीट भाराखाली अचानक फुटते. जमिनीवरील चाकांना अडसर लावावा. सैल बाह्या, ओढणी, अंगठी, घड्याळ दूर ठेवावे. क्लचची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या गाड्यांच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुफ्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने ती पुसावी. काम संपल्यावर उरलेला एखादा वॉशर 'जास्तीचा' समजून बाजूला टाकू नये. तो कोठला हे कळेपर्यंत गाडी हलवू नये.

दुरुस्तीइतकीच सवयही महत्त्वाची आहे. सिग्नलला गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून धरणे, चढणीवर हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी तोलणे, विनाकारण पाय क्लचवर ठेवून चालविणे या सवयी सोडल्या, तर क्लच पुष्कळ अधिक टिकतो. मुंबई-पुण्याच्या कोंडीत याचा प्रत्यय लवकर येतो.

साखळी, वायर आणि तेल ही आपल्या हाताची कामे. बूट आणि पट्टा ही आपल्या नजरेची. क्लच, गिअरबॉक्स आणि त्यापुढचे सारे जाणत्या हाताचे. एवढी वाटणी मनाशी पक्की असली, म्हणजे 'गिअरबॉक्स उतरवावा लागेल' हे वाक्य ऐकताना गाडीमालक घाबरत नाही. तो कोणत्या लक्षणावरून, एवढेच विचारतो. प्रामाणिक मेकॅनिकला या प्रश्नाचे उत्तर देण्यात अडचण नसते. उत्तर टाळले गेले, तर गाडी दुसरीकडे दाखवून मगच होकार द्यावा.